सोरोया : १११ वर्षांनी पुन्हा लंडनमध्ये

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ७ जुलै २०१९ पर्यंत चाललेले होआकीन सोरोया यांचे प्रदर्शन एका दीर्घ विस्मृतीची आठवण करून देणारे होते. १९०८ साली याच शहरात, ग्राफ्टन गॅलरीजमध्ये, हयात चित्रकारांतील सर्वश्रेष्ठ म्हणून त्यांचा गाजावाजा झाला होता. पण १९०७ मध्येच पिकासो यांनी ‘आविन्यॉच्या तरुणी’ रंगवून कलेची फूटपट्टी बदलली होती, आणि पुढे व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरचे ऊन जुनाट ठरले.

प्रदर्शनाच्या नावातही सोरोया ‘प्रकाशाचे’ सिद्धहस्त चित्रकार आहेत. हे बिरुद अपुरेच म्हणावे लागेल. ‘आणि तरीही म्हणतात, मासळी महाग!’ (१८९४) या चित्रात नावेच्या अंधाऱ्या पोटात एक तरुण कोळी जखमी पडला आहे. दोन वयस्क सोबती त्याची शुश्रूषा करीत आहेत. शीर्षकातला टोला थेट गिऱ्हाइकाला आहे. १९०० साली पॅरिसमध्ये त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘दुःखद वारसा’मध्येही आजाराने अपंग झालेली मुले समुद्रस्नानाला आलेली दिसतात. त्यानंतर मात्र त्यांनी असे विषय जवळजवळ सोडून दिले. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे महिनाभरात दीड लाखाहून अधिक प्रेक्षक ओढले गेले, ते प्रामुख्याने त्या उन्हासाठी.