उजेड ऐकू येतो का?

रीलमध्ये दिसतो ना, नारिंगी उजेडाचा तो खिशातला ट्यूब ॲम्प? ऑर्डर करायच्या आधी हेडफोनच्या खोक्यावरचा ओहमचा आकडा बघा. १६ किंवा ३२ असेल तर बहुतेक वेळा साधा डोंगल पुरतो. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा असेल, तर ॲम्पचं बोलू. आणि ब्लूटूथ बड्स असतील तर विषयच संपला, त्यांचा ॲम्प त्यांच्या पोटातच असतो.

ही ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. १२एयू७ सारखी जुनी ट्यूब नुसती तापायलाच सुमारे २ वॅट खाते, बॅटरीला ते जड जातं. म्हणून कॉर्ग आणि नोरिताके या जपानी कंपन्यांनी २०१५ मध्ये न्यूट्यूब आणली. वीज अगदी कमी, पण उजेड निळसर-हिरवा! खिशातल्या ॲम्पमध्ये ट्यूब सहसा आवाजाला रंग देते, हेडफोन चालवायचं काम चिप किंवा ट्रान्झिस्टर करतात. काही डब्यांत तर नारिंगी उजेडही खालच्या एलईडीचा असतो. चक्क!

तो रंग आवडूही शकतो, भीमसेनजींचं जुनं रेकॉर्डिंग लावा की. पण ट्यूबला धक्के सोसत नाहीत. स्वारगेट-कात्रज पीएमपीत खड्डा आला की कानात 'टण्ण'. मग पोर्टेबल कशाला म्हणायचं? स्टायपेंड घालणार असाल तर आधी कुणाचा तरी मागून आणा, आवाज दोन्हीकडे सारखा ठेवा (मोठा आवाज नेहमीच भारी वाटतो) आणि डोळे मिटून ऐका. फरक कळला तर खुशाल घ्या. नाही कळला तर तेच पैसे चांगल्या हेडफोनला लावा.