आपोआप मेलेलं फुलपाखरू

हल्ली ऑफिसात, लग्नात, लोकलमध्ये, कुठेही बघा, रेझिनचे कानातले दिसतात. पारदर्शक थेंब आणि आत फुलपाखराचा खराखुरा पंख. दिसतं भारी, वादच नाही. सोबत एक चिठ्ठी येते: 'पंख नैसर्गिक मृत्यू आलेल्या फुलपाखराचे आहेत.' माझं भांडण या चिठ्ठीशी आहे.

जरा लॉजिक लावू. फुलपाखराच्या पंखांवर बारीक खवले असतात. उडताना, झुडपांना घासताना, पक्ष्याच्या चोचीतून निसटताना ते झडत जातात, कडा फाटतात. पुरतं आयुष्य जगून मेलेल्या फुलपाखराचे पंख म्हणजे वापरून विटलेली, विरलेली साडी. आणि कानातल्यातला पंख? कोरा करकरीत, डाव्या-उजव्याची जोडी तंतोतंत! म्हणजे बिचारं कोषातून बाहेर पडलं त्याच दिवशी 'नैसर्गिकरीत्या' गेलं म्हणायचं का?

लगेच कोणीतरी म्हणेल, अरे, कोस्टारिकात फुलपाखरांची रीतसर पैदास होते. होते ना! मग चिठ्ठीवर तसं लिहा. जात लिहा, देश लिहा, आयातीचे कागद दाखवा. मी भिवंडीचा. आमचं यंत्रमागांचं गाव आता गोदामांचंही झालंय, आणि त्या गोदामांची सॉफ्टवेअरं लिहिणं हा माझा पोटाचा धंदा. साध्या साबणाच्या वडीलाही बॅच नंबर असतो. ती कुठून आली, कुठल्या रॅकवर होती, कोणाकडे गेली, सगळं एका क्लिकवर. आणि एका जिवाच्या पंखाला मात्र 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढंच? हे काही पटत नाही राव.

बरं, चिठ्ठी खरी निघाली तरी सुटका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत फुलपाखरांच्या कितीतरी जाती आहेत. त्यातलं एखादं मेलेलं सापडलं तरी ते सरकारी मालमत्ता ठरतं, दागिना करून विकणं तर लांबच. हा कायदा फक्त वाघ-बिबट्यांसाठी आहे असं वाटत असेल, तर २००८ आठवा. दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात किडे आणि फुलपाखरं गोळा केल्याबद्दल दोन झेक संशोधकांना अटक झाली होती. आणि कापून रेझिनमध्ये बसवलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं तुम्हाआम्हाला जमणारे का?

तिसरा युक्तिवाद परंपरेचा. कीटकांचे हिरवे चमकदार पंख कपड्यांवर शिवायची कला आपल्याकडे जुनीच आहे म्हणे. आहेच. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेल्या मोरपिशी पोशाखावरही ते पंख होते. पण परंपरा म्हणजे पावती नव्हे. हस्तिदंताची कलाही जुनीच होती की!

रेझिनकाम वाईट आहे असं मी म्हणत नाही. चिकाटीचं काम आहे ते. मिश्रणाचं माप चुकलं की चिकट राहतं, घाई केली की बुडबुडे. मॉर्फो फुलपाखराचा निळा तर रंगद्रव्याचा नसतोच, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून परतलेला प्रकाश असतो तो. त्या फटींत रेझिन शिरलं की निळ्याचा हिरवा होतो, म्हणून पंखाला आधी लेप द्यावा लागतो. एवढी अक्कल आणि मेहनत लावणाऱ्या माणसाला पारदर्शक फिल्मवर पंख छापून, चमकी लावून तोच दागिना करता येणार नाही? आरामात येईल.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला, म्हणजे ब्लू मॉरमॉनला, राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचा अभिमान असेल तर पुढच्या वेळी विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: जात कोणती, आलं कुठून, कागद कुठे? उत्तरादाखल नुसती स्मायली आली तर पैसे खिशातच राहू द्या.

बघा पटतंय का.