शाळेच्या रजिस्टरवरची माझी सही



दोन दिवस पाऊस उघडलाय. कपाशी पात्या-फुलांवर आहे, खालची बोंडं भरायला लागलीत. मका दाण्यात आहे. अद्रकीच्या दोन बेडांत सड दिसली, चर काढून पाणी बाहेर काढलं. शेताची नोंद आज एवढीच. बाकीचं शाळेबद्दल लिहितोय, कारण ३० सप्टेंबर जवळ आलाय, आणि त्या तारखेला किती किंमत आहे हे गेल्या वर्षापर्यंत मलाच माहीत नव्हतं.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी शाळा आहे. मी तिच्या व्यवस्थापन समितीवर आहे. आहे म्हणजे काय, तर पहिली दोन वर्षं सही करायला होतो. शिपाई नसल्यामुळं एखादं पोरगं रजिस्टर घेऊन वावरात यायचं, मी हात पुसून सही करायचो आणि परत फवाऱ्याला लागायचो. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. सोसायटीच्या कागदावर सही करताना मी तीनदा वाचतो, पण लेकराच्या शाळेच्या ठरावावर एकदाही वाचलं नव्हतं.

डोळे उघडले ते बियाण्याच्या पाकिटामुळं. पाकिटात मराठी माहितीपत्रक असतं. पेरणीच्या दिवशी चौथीतल्या लेकीला म्हटलं, वाच बरं, दोन ओळींतलं अंतर किती सांगितलंय. ती अडखळली. अक्षर लावत लावत गेली आणि जोडाक्षराला थांबली. मला वाटलं चष्म्याचा नंबर असेल. संध्याकाळी गल्लीतली तिच्या बरोबरीची सात लेकरं ओट्यावर बसवली आणि दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद पुढं ठेवला. सातातली दोन धड वाचू शकली. यात माझी काही हुशारी नाही, 'असर'ची मंडळी २००५ पासून हेच करतात. घरी जाऊन लेकराला साधा उतारा वाचायला देतात. त्याला डिग्री लागत नाही, कुठल्याही आई-बापाला जमतं.

आता शेतीच्या भाषेत सांगतो. बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे आपल्याला पाठ आहे. बोंड फोडून आत बघतो. नुसती हिरवीगार कपाशी पाहून कुणी खूश होत नाही, आत अळी आहे का ते बघतो. शाळेचं मात्र आपण बाहेरून बघतो. भिंतीला रेल्वेच्या डब्याचा रंग दिला, लोकवर्गणीतून टीव्ही आणला, २६ जानेवारीला पोरं नाचली, की शाळा भारी. आमच्याही शाळेला रेल्वेचा रंग आहे. वर्गणीत माझेही पैसे आहेत, आणि रंगाच्या विरोधात मी नाही. पण बोंड फोडून कुणी बघितलं नव्हतं.

मग मी कायदा मागवून वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. कलम २१ म्हणतं की समितीतले तीन चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. आपल्या राज्यात समिती १२ ते १६ जणांची असते, अध्यक्ष पालकांतला आणि मुख्याध्यापक सचिव. काम काय, तर शाळा कशी चालते त्यावर लक्ष ठेवायचं, आलेला निधी कसा खर्च होतो ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा. म्हणजे कागदावर मालक आपण आहोत. प्रत्यक्षात आपण साक्षीदार म्हणूनसुद्धा हजर नसतो.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांचा हिशोब आहे. ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आमचा पट ६४. शिक्षकांची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. म्हणजे त्या आधी चार लेकरं निघून गेली की पट ६० वर येतो, तिसऱ्या गुरुजीची जागा धोक्यात येते, आणि पाच वर्ग दोन माणसांच्या गळ्यात. गेल्या वर्षी तीन घरांचं ठरलं होतं. कन्नडच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते, तिच्यात पोरं बसवायची. चौथं घर माझं होतं. लेकीला वाचता येत नाही म्हणून मीच तिला काढायला निघालो होतो. माझ्या एका दाखल्यानं बाकी साठ लेकरांचा एक गुरुजी गेला असता, आणि मला ते कळलंही नसतं. (संचमान्यतेचे निकष शासन मधूनमधून बदलतं. तुमच्या शाळेचं गणित केंद्रप्रमुखांकडून समजून घ्या, माझ्या आकड्यावर जाऊ नका.)

इंग्रजी शाळेत घालणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या डोळ्यासमोर लेकरू मागं पडतंय तो वाट किती दिवस बघणार? पण फी आणि गाडीभाडं मिळून वर्षाला जे जातं, त्यात एकरभर कपाशीचा नफा संपतो, तोही भाव चांगला असला तर. आणि गाडीत बसलेलं लेकरू वाचायला शिकलंच याची खात्री तिथंही कुणी देत नाही. तिथलं बोंडही फोडूनच बघावं लागतं.

पटाबद्दल अजून एक. आधार जुळत नसेल तर ते लेकरू संचमान्यतेच्या मोजणीत धरत नाहीत. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, की लेकरू रोज शाळेत येऊनही कागदावर नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते आपण देत नाही. पीकविम्यासाठी आपण दिवसभर सेंटरवर रांगेत उभं राहतो, लेकराच्या आधारसाठी 'बघू दिवाळीनंतर' म्हणतो. दिवाळीनंतर ३० सप्टेंबर उरत नाही.

समितीत मी पहिली गोष्ट मागितली ती बैठकीची वेळ. सकाळी अकराला बैठक म्हणजे शेतकऱ्यानं येऊच नये अशी सोय. मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, दूध घालून झाल्यावर सात वाजता ठेवा. त्यांना शाळा सुटल्यावर गावी जायची गाडी गाठायची असते, तेही खरं. शेवटी महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सातला ठरलं. पहिल्या बैठकीला पाच जण, दुसऱ्या बैठकीला अकरा. बायांच्या जागेवर नवरे येऊन बसायचे, मी धरून. कारण समितीवर खरं नाव मंडळीचं होतं, सही मी ठोकत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर नोंद खोटी होईल. आता ती जाते, मी पालक म्हणून मागं बसतो.

तिनं पहिल्याच महिन्यात जे केलं ते मला दोन वर्षांत सुचलं नाही. पोषण आहाराचं प्रमाण विचारलं. पाचवीपर्यंतच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. घरी येऊन पंपाच्या डोसासारखा हिशोब मांडला. चौसष्ट लेकरं सगळी हजर असली तर डाळ १ किलो २८० ग्रॅम, भाजी ३ किलो २०० ग्रॅम. मग रोज दोन आया पाळीनं जाऊन हजेरी बघतात, डाळ मोजताना उभ्या राहतात. कुणावर आरोप नाही, भांडण नाही. स्वयंपाक करणारी मावशी उलट खूश झाली, म्हणाली, आतापर्यंत वरण पातळ झालं की बोलणी मला बसायची.

आता गुरुजींची बाजू. आमच्या समितीतला एक जण म्हणायचा की मास्तर लोक पगार घेऊन मोबाईल बघतात. मी एक दिवस मागच्या बाकावर बसलो. मोबाईलवर काय होतं? कुठली तरी ऑनलाइन माहिती भरणं, आहाराची नोंद, वरून मतदार यादीचं काम. एक गुरुजी दोन वर्ग सांभाळत होते आणि तिसऱ्या वर्गाला बाहेरून आवाज देत होते. आपण रजिस्टरवर डोळे झाकून सह्या करणार आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकणार, हे काही बरोबर नाही.

वाचनाचं आम्ही असं केलं. दर पंधरवड्याला प्रत्येक लेकराला एक परिच्छेद आणि एक वजाबाकी, आयांनी घ्यायची, ओट्यावर. वहीत फक्त तीन खुणा: वाचतं, अडखळतं, येत नाही. वही गुरुजींकडं द्यायची. जी आई स्वतः शाळेत गेली नाही ती शेजारणीला घेऊन बसते. शासनाच्या 'निपुण'मध्ये माता गट सांगितलेलेच आहेत, आमच्याकडं ते फोटोपुरते होते. माझी लेक आता पाकीट वाचते. जोडाक्षराला अजून अडते. सातातली पाच वाचतात, दोन नाही. त्या दोनांतलं एक ऊसतोडीला जाणाऱ्या घरचं आहे.

आणि इथं माझी खरी काळजी आहे. घाटाखालच्या तांड्यांवरून, आमच्याही गावातून, दिवाळीच्या पुढंमागं टोळ्या निघतात. लेकरू बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर बसून फडावर जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. पाच महिन्यांत जे आलं होतं तेही पुसलं जातं. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप फडावर असताना लेकरानं गावातच राहायचं, जेवण-खाण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. पण समितीनं वेळेत मुलांची यादी आणि मागणी दिली तर. टोळी गेल्यावर ठराव करून काय उपयोग? मुकादमाची उचल कुणी कधी घेतली हे गावात सगळ्यांना माहीत असतं, मग कुणाची लेकरं जाणार हेही माहीत असतं. ही यादी सप्टेंबरातच होऊ शकते.

पैशाचं थोडक्यात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान धरलेलं आहे, त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. एवढ्यात मोठं काही होत नाही. पण १५ व्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता, आणि शाळेचा नळ व पोरींचं शौचालय म्हणजे पाणी आणि स्वच्छताच. ग्रामसभेत आराखडा ठरताना शाळेचं नाव कुणी घेतलं नाही तर ते पैसे नालीत जातात. म्हणजे नाली बांधण्यात.

आता कुणी म्हणेल, एवढं करायला गाव पाहिजे की चांगला मास्तर पाहिजे? आपल्याच जिल्ह्यात गाडीवाटची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथली लेकरं रोबोटच्या ओढीनं जपानी शिकायला लागली, २०२० ला देशभर बातम्या आल्या. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा पट आटून बंद पडायला आली होती, ती २०२५ ला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर पहिली आली. दोन्ही ठिकाणी शिक्षकांचं नाव झालं, व्हायलाच पाहिजे. पण गुरुजीची बदली होते. गावाची होत नाही. आमच्या तालुक्यातच चांगल्या गुरुजींच्या बदलीला गाव रडल्याचं मी पाहिलंय आणि दोन वर्षांत तीच शाळा खाली आलेलीही पाहिलीय.

दुसरीकडं २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शासनानं मांडला, तेव्हा राज्यात अशा १४ हजारांवर शाळा निघाल्या होत्या. तोरणमाळ आणि पानशेतचं उदाहरण पुढं केलं होतं. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात, हे मी नाकारत नाही. पण ओढ्याला पूर आलेला असताना पहिलीतली पोरगी तीन किलोमीटरवर कोण सोडणार? बाप वावरात, आई मजुरीला. पोरगी घरी बसणार, लहान भावाला सांभाळत.

महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं. शिक्षणाचा पैसा शेतकऱ्याच्या साऱ्यातून जातो आणि शेतकऱ्याच्याच लेकराला शाळा नाही, म्हणून लोकल फंडातला निदान निम्मा पैसा प्राथमिक शाळांना द्या. आपला भाग तेव्हा निजामाकडं, इथं तर ती मागणी करायलाही कुणी नव्हतं. आमच्या आजोबांना सही येत नव्हती, ते अंगठा द्यायचे. मला सही येते, आणि दोन वर्षं मी तिचा वापर अंगठ्यासारखाच केला.

येत्या शनिवारी सकाळी सातला आमची बैठक आहे. विषय तीन: आधार न जुळलेली नऊ लेकरं, टोळीवर जाणाऱ्या घरांची यादी, आणि पोरींच्या शौचालयाला पाणी. पिवळ्या गाडीतल्या तीन घरांपैकी एक जण येतो म्हणालाय, नुसतं ऐकायला.

तुमच्या गावात समितीची बैठक किती वाजता होते आणि बायांच्या जागेवर कोण बसतं, ते खाली लिहा. उद्या सापळ्यांचे लुर बदलायचे आहेत, पतंगांचा आकडा परवा टाकतो.