गोवंडीचे कंदील

हार्बर मार्गावर चेंबूर मागे पडले की पुढचेच स्थानक गोवंडी. अंतर अवघे काही मिनिटांचे. पण मध्यमवर्गीय मुंबईकराच्या मनात ते फार लांबचे आहे. देवनारची कचराभूमी, कत्तलखाना आणि गुन्ह्यांच्या बातम्या, एवढीच गोवंडीची ओळख त्याने मनाशी धरलेली असते. तेथील नाक्यावर उभा असलेला विशीतला तरुण म्हणजे टवाळखोरच, असा निवाडा तो गाडीच्या खिडकीतूनच देऊन मोकळा होतो.

हा निवाडा किती घाईचा आहे, हे नटवर पारेख संकुलातील तरुणांनी दाखवून दिले आहे. मुंबईतील पायाभूत प्रकल्पांसाठी ज्यांची घरे हलविली गेली, अशी कुटुंबे या पुनर्वसन वसाहतीत राहतात. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचणे दुरापास्त. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या रचनेच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आहे. ज्या आराखड्याने ऊन-वारा अडविला, त्यानेच मुलांचे अंगणही हिरावून घेतले.

अशा ठिकाणी फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच दिवसांचा 'गोवंडी कला महोत्सव' भरला. वसाहतीतील तरुण-तरुणी त्यापूर्वी काही महिने नाटक, रॅप, छायाचित्रण आणि चित्रपट शिकत होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी कंदील तयार केले आणि त्यांची मिरवणूक वस्तीतून काढली. ज्या गल्लीत दिवसाही अंधार असतो, तेथे हा उजेड वस्तीच्याच मुलांनी आणला.

"पोटाची भ्रांत असताना ही चैन कशाला?" असे कोणी विचारील. या शंकेचे उत्तर खेळातच आहे. कंदील एकट्याने होत नाही. एकाने चौकट धरावी लागते, तेव्हा दुसरा कागद चिकटवितो. नाटकात दुसऱ्याचे वाक्य सांभाळून घ्यावे लागते. अशा सरावातून तरुणाला शेजाऱ्याचे नाव कळते, मग त्याची अडचण कळते. औषध आणून देणे, पाण्याची कळशी वर पोहोचविणे, लहानग्याचा अभ्यास घेणे, ही कामे ओळखीच्याच दाराशी सुचतात. निरनिराळ्या वस्त्यांतून उचलून एका जिन्यावर आणून बसविलेल्या माणसांत अशी ओळख शासकीय आदेशाने निर्माण होत नाही. मैदानावरील खेळ माणसे कशी जोडतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

या महोत्सवातील एक गोष्ट मात्र अंतर्मुख करणारी आहे. तेथे 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' ही संस्था रहिवाशांसोबत काम करीत होती, आणि महोत्सवाला साहाय्य लाभले ते ब्रिटिश कौन्सिलचे. साहाय्य करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु सातासमुद्रापारच्या संस्थेला जी वस्ती दिसली, ती शेजारच्या स्थानकावर उतरणाऱ्या सुशिक्षित समाजाला का दिसू नये?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. रविवारचे दोन तास, एक कबड्डीचे मैदान आखण्याइतकी जागा, पेटी-तबला शिकविणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. आणि नव्या पुनर्वसन इमारतींचे नकाशे मंजूर होताना मोकळ्या अंगणाचा आग्रह धरणे, हे तर प्रत्येक जागरूक नागरिकाचे कर्तव्यच आहे. महोत्सव पाच दिवसांत संपतो. अंगण असेल तर खेळ रोज होतो.

गोवंडीच्या तरुणांनी आपला कंदील पेटविला आहे. चेंबूरकडून कोणी चार पावले पुढे येणार का, एवढाच प्रश्न आता उरतो.