जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि ‘मूळपणा’चे खूळ

१/ जुन्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरची मूळ वायर बदलणे ही इतिहासाशी प्रतारणा, असे मत काही संग्राहक ठासून मांडतात. ते अनैतिहासिक तर आहेच, शिवाय जीवघेणेही आहे.

२/ १९५०-६०च्या दशकांतील अनेक अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीत दोनच तारा असत, अर्थिंग नसे. गुणगुण कमी व्हावी म्हणून विजेच्या एका तारेपासून धातूच्या सांगाड्यापर्यंत कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की वीज सांगाड्यात आणि तेथून गिटारच्या तारांत उतरू शकते. तंत्रज्ञ त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

३/ अर्थिंगमधील दोष काय करतो? ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे याने रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. वय अवघे २७.

४/ आपल्याकडे दाब २३० व्होल्ट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याने अर्थिंगची उणीव भरून निघत नाही. कारेगाव-रांजणगावच्या कारखान्यांत यंत्राच्या धातूच्या अंगाला अर्थिंग देणे कायद्याने बंधनकारक आहे; मग घरातल्या यंत्राला ‘वारसा’ म्हणून सूट कशासाठी?

५/ उपाय साधा आहे: तीन तारांची वायर, सांगाड्याला स्वतंत्र बोल्टने आवळलेली अर्थची तार, फेजमध्ये फ्यूज व स्विच आणि ‘डेथ कॅप’ला कायमची रजा. मात्र काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. प्लग काढल्यावरही आतील फिल्टर कपॅसिटरांत प्राणघातक दाब उरू शकतो.

६/ काढलेले भाग तारीख लिहून जपावेत, आधीची छायाचित्रे ठेवावीत. हीच खरी इतिहासनिष्ठा. बासन बदलल्याने पोथी खोटी ठरत नाही.