मृत्युपत्र झालं, पण त्याआधीच्या वर्षांचं काय?

गेल्या वर्षी 78 वर्षांचे एक काका पक्षाघाताने दाखल झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समोरच्याचं बोलणंही धड कळेना. दुसऱ्या दिवशी मुलगा एक फाईल घेऊन आला. नोंदणी केलेलं मृत्युपत्र, सगळ्या ठेवींवर नॉमिनी, आरोग्य विमा, शिवाय मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. इतकी नीटनेटकी फाईल मी क्वचितच पाहिली आहे.

काकांना घरी सोडायची वेळ आली तेव्हा विमा वगळता त्यातला एकही कागद कामाला आला नाही. मृत्युपत्र आणि नॉमिनी हे माणूस गेल्यानंतरचे कागद. कुलमुखत्यारपत्राबद्दल तर बहुतेकांचा गैरसमजच असतो. ते करून देणाऱ्याची समज हरपली की भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं, म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं त्याच दिवशी ते निकामी होतं. ठेवी काकांच्या एकट्याच्या नावावर होत्या. बँकेने हात वर केले, आणि नियमाने बँकेचं चुकलंही नव्हतं.

आपल्याकडे म्हातारपणाची तयारी म्हणजे मरणानंतरची तयारी, असं होऊन बसलं आहे. प्रत्यक्षात मरण आणि धडधाकटपणा यांच्यामध्ये काही महिने ते काही वर्षांचा परावलंबनाचा काळ असतो, आणि त्यासाठी कुणाच्याच फाईलमध्ये काही नसतं.

सरकारी योजना रुग्णालयाच्या दारापर्यंत

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्येष्ठांसाठी काही चांगले बदल झाले. 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजना 70 वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, खुली झाली. वय वंदना कार्ड काढलं की कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएससारखी योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. 2024 मध्येच नवा आरोग्य विमा घेण्यासाठीची 65 वर्षांची अट विमा नियामकाने काढली आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल 4 वर्षांवरून 3 वर्षांवर आणला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपन्यांना आता आधी नियामकाशी बोलावं लागतं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. कार्ड काढलं नसेल तर याच आठवड्यात काढा.

पण हा सगळा पैसा रुग्ण दाखल असतो तोवरचा. घरी आल्यावर कूस बदलायला, अंघोळ घालायला, नळीने भरवायला जो माणूस लागतो त्याचा पगार यातलं काहीच देत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मुलांकडून निर्वाह भत्ता मागता येतो, पण त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. एवढ्यात शहरात चोवीस तासांची बाई मिळत नाही.

पर्याय निवडताना आजार नव्हे, रात्र पाहा

नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, यांना घरी ठेवू की कुठे ठेवू?" मी आधी सहा गोष्टी विचारतो: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातल्या किती गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो? मग सातवा प्रश्न: रात्री किती वेळा कुणाला उठावं लागतं?

निर्णय बहुधा या सातव्या प्रश्नावर होतो. अंघोळीला मदत लागणाऱ्या आजी सकाळी दोन तास येणाऱ्या बाईच्या भरवशावर वर्षानुवर्षं घरी राहू शकतात. डिमेन्शियाचे आजोबा हिंडते-फिरते असले तरी रात्री तीनदा उठून दार उघडत असतील, तर सहा महिन्यांत घरातला करणारा माणूस आजारी पडतो. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे हा दुर्मीळ प्रसंग नाही.

ब्युरोकडून येणारी बाई किंवा मामा हा सर्वांत रुळलेला पर्याय. पण ब्युरो म्हणजे बहुतेक वेळा फक्त माणूस पुरवणारा. तो माणूस दिवाळीत गावी गेला की बदली मिळेलच असं नाही. बेडसोअर कसे टाळायचे, नळीने भरवल्यावर किती वेळ उशाकडून उंच ठेवायचं, हे त्याला येतं असं गृहीत धरू नका. रुग्णालयातून सोडण्याआधी दोन दिवस त्याला वॉर्डात बोलवून नर्सकडून शिकवून घ्या. बहुतेक नर्स आनंदाने शिकवतात.

वृद्धाश्रमाबद्दल लोकांच्या मनात अपराधीपणा असतो, त्यामुळे चौकशी शेवटच्या क्षणी होते आणि तिथेच घात होतो. अनेक वृद्धाश्रम प्रवेश देतानाच 'स्वतःचं स्वतः करू शकणारे' अशी अट घालतात. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणारी शुश्रूषा केंद्रं वेगळी, महाग आणि कमी. म्हणून पाहायला जाल तेव्हा बाग आणि जेवणाच्या आधी विचारा: इथले रहिवासी अंथरुणाला खिळले की त्यांचं काय करता? रात्री नर्स असते का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. पुण्या-मुंबईकडे ज्येष्ठांसाठीची गृहसंकुलं वाढत आहेत. महारेराने 2024 मध्ये त्यांच्यासाठी किमान निकष घातले: व्हीलचेअर जाईल अशी दारं आणि लिफ्ट, बाथरूममध्ये आधाराचे बार, न घसरणारी फरशी. हे निकष इमारतीचे आहेत. शुश्रूषा मिळेल की नाही ते करारात वेगळं वाचावं लागतं.

समज शाबूत असतानाच होणारी कामं

बचत खात्यावर आणि निदान एका ठेवीवर नवरा-बायको किंवा विश्वासातल्या मुलाचं नाव संयुक्त धारक म्हणून हवं, दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल अशा सूचनेसह. काकांचं नेमकं हेच राहिलं. बेशुद्ध किंवा समज गेलेल्या प्रौढ माणसासाठी पालक नेमायची सरळ-सोपी कायदेशीर वाट आपल्याकडे नाही. कुटुंबांना उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अनेक प्रकरणांत पत्नीला किंवा मुलांना पालक नेमलं आहे, पण वेळ आणि वकिलाचा खर्च त्यांनाच सोसावा लागतो.

दुसरं काम उपचारांच्या इच्छापत्राचं, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित मोहर. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटर हवा की नको, नळीने अन्न हवं की नको, आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यात लिहिता येतं. हे इच्छामरणाचं इंजेक्शन नव्हे. शिवाय तुम्ही शुद्धीत आहात तोवर तुमचाच शब्द चालतो, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावरही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मगच निर्णय घेतात. महाराष्ट्रात प्रती जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले गेले आहेत. मी अतिदक्षता विभागात जितकी भांडणं पाहिली, त्यातली निम्मी तरी असा एक कागद असता तर झाली नसती. परदेशातून विमानाने आलेला मुलगा 'सगळं करा' म्हणतो आणि तीन वर्षं सेवा करणारी सून गप्प बसते.

तिसरं, घराचं बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना द्यायला मुद्रांक शुल्क मुख्यतः 200 रुपये असल्याने लोक घाई करतात. द्यायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात घाला. सांभाळ झाला नाही तर 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. 2025 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आहे. पण अट लिहिलेलीच नसेल तर ती सिद्ध करताना दमछाक होते.

आता काकूंबद्दल. त्या 71 वर्षांच्या. नवऱ्याच्या आजारपणात घरातली शिल्लक संपत चालली आहे, आणि रात्री उठणाऱ्या त्याच आहेत. आपल्याकडे नवरा सहसा वयाने मोठा आणि बायकांचं आयुष्य जास्त, त्यामुळे सेवा करणारीच मागे उरते, तीही रिकाम्या हातांनी. म्हणून खर्चाचा अंदाज काढताना दोघांचे आकडे वेगळे मांडा आणि तिच्या नावावरची ठेव पहिल्या आजारपणात मोडू नका. काकूंनी गेल्या महिन्यात स्वतःच्या खात्यावर मुलीचं नाव घातलं. काकांच्या खात्याची याचिका अजून चालू आहे.

कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 ही आहे.