विशेषणाची आकांक्षा

भारतीय भाषांतील साहित्याच्या इंग्रजी अनुवादांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा नामांभोवती फिरते. 'ओवी'ला काय म्हणावे, 'वाडा' या शब्दाचे काय करावे, 'अहो' आणि 'अरे' यांतील अंतर कसे राखावे, हे प्रश्न खरेच आहेत. परंतु अनुवाद ज्या जागी नकळत ढासळतो, त्या जागा याहून पुष्कळच साध्या असतात. इंग्रजीतील विशेषण आणि त्यामागून येणारा शब्दयोगी पदबंध यांचा सांधा ही त्यांपैकी एक होय. तो शिकवण्याची आपली रीत मुळातच चुकली आहे आणि तिचे परिणाम परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपासून छापील अनुवादापर्यंत दिसतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रजीत 'अफ्रेड' म्हटले की पुढे 'ऑफ' येते, 'काइंड' म्हटले की 'टू' येते, 'इंटरेस्टेड' म्हटले की 'इन' येते. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणापासून आजच्या मार्गदर्शिकांपर्यंत या जोड्या याद्यांच्या रूपाने दिल्या जातात आणि विद्यार्थी त्या पाढ्यांसारख्या घोकतो. यादीचा दोष असा की ती कारण सांगत नाही. हे सारे लहरीने ठरलेले आहे, अशी समजूत ती नकळत रुजवते. आणि जे लहरीचे मानले जाते त्याकडे अर्थाच्या दृष्टीने पाहण्याची सवय पुढे कधीच लागत नाही.

वस्तुतः या सांध्याचे स्वरूप सांगणारी संज्ञा आपल्या शास्त्रांत पूर्वीपासून आहे. वाक्यार्थ घडण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात, असे शाब्दबोधाची चर्चा करणारे सांगतात. इंग्रजीतील पुष्कळशा विशेषणांना अशी आकांक्षा असते. ती कशी पुरवली जाते, किंवा पुरवलीच जात नाही, यावर विशेषणाचा अर्थ ठरतो. 'अ प्राउड मॅन' म्हणजे मानी वा गर्विष्ठ मनुष्य. परंतु 'अ मॅन प्राउड ऑफ हिज सन' म्हणजे मुलाचा अभिमान वाटणारा मनुष्य, आणि तो स्वभावाने अगदी विनम्रही असू शकेल. 'टायर्ड आफ्टर द जर्नी' हा प्रवासाने दमलेला. 'टायर्ड ऑफ द जर्नी' हा प्रवासाला कंटाळलेला. पहिल्यातील पदबंध केवळ काळ सांगतो, तो गाळला तरी विशेषणाचा अर्थ बदलत नाही. दुसऱ्यातील पदबंध विशेषणाच्या अर्थातच सामील आहे. हा भेद कोणत्याही यादीत सापडणार नाही.

पाणिनीने संस्कृताच्या बाबतीत या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे येथे आठवण्यासारखे आहे. 'भिणे' आणि 'रक्षण करणे' या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत भयाचे कारण अपादान होते. क्रोध, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्यावर कोप होतो तो संप्रदान होतो. विभक्तिप्रकरणात तर त्याने विशेषणांचाही विचार केला आहे. 'अन्य'च्या योगाने पंचमी; 'तुल्य' या अर्थाच्या शब्दांच्या योगाने तृतीया किंवा षष्ठी; 'उत्सुक'च्या योगाने तृतीया किंवा सप्तमी; 'निपुण'च्या योगाने, आदर अभिप्रेत असेल तर, सप्तमी. काही सूत्रांत शब्द एकेकटे नोंदवले आहेत, हे खरे. तथापि मुख्य दृष्टी अर्थाचे वर्ग पाडण्याची आणि विभक्ती कोणत्या अर्थी होते ते सांगण्याची आहे. ज्या देशात ही दृष्टी जन्मली, त्याच देशात इंग्रजी मात्र याद्यांनी शिकवली जावी, ही विसंगती आपल्याला खटकत नाही, हे आश्चर्य होय.

ही दृष्टी स्वीकारली तर मराठी भाषकाला पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. 'अफ्रेड', 'प्राउड', 'अशेम्ड', 'टायर्ड', 'जेलस', 'अवेअर' ही सर्व विशेषणे 'ऑफ' घेतात. मराठीत सापाची भीती, मुलाचा अभिमान, कृत्याची लाज, कामाचा कंटाळा, शेजाऱ्याचा हेवा, संकटाची जाणीव असते. मनोवृत्ती आणि तिचा विषय यांचा संबंध मराठी षष्ठीने दाखवते, इंग्रजी 'ऑफ'ने. सहा जोड्या पाठ करण्याऐवजी एक संबंध समजला की काम भागते.

चुकांचेही तसेच आहे. आपला विद्यार्थी 'अँग्री ऑन हिम' लिहितो, कारण मराठीत राग माणसावर असतो. तो 'गुड इन मॅथमॅटिक्स' लिहितो, कारण आपल्याकडे माणूस गणितात हुशार असतो. तो 'सुपीरिअर दॅन' लिहितो, कारण मराठीत 'याहून मोठा' आणि 'याहून श्रेष्ठ' यांची घडण एकच आहे. येथे अज्ञान नसून एका भाषेतील संबंधाची जाण दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेलेली आहे. शिक्षकाने नुसती तांबडी रेघ न मारता दोन भाषांच्या वाटा कोठे फुटतात ते दाखवले, तर तीच चूक शिकवण्याचे साधन होईल.

'डिफरंट' या विशेषणाचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम'च हवे, असा आग्रह इंग्रजीत दीर्घकाळ धरला गेला. फाउलर यांनी 1926 साली आपल्या प्रसिद्ध प्रयोगकोशात हा आग्रह अंधश्रद्धेत जमा केला. ब्रिटिश बोलण्यात 'डिफरंट टू' आणि अमेरिकन वापरात 'डिफरंट दॅन' आढळते. लॅटिन व्युत्पत्तीचा आधार घेणाऱ्यांना 'फ्रॉम' हवे असते. परंतु त्याच न्यायाने 'अ‍ॅव्हर्स'पुढेही 'फ्रॉम' यावयास हवे होते, आणि तेथे रूढीने 'टू' स्थिर केले. 'सिमिलर टू', 'ऑपोज्ड टू' यांच्या पंगतीत 'डिफरंट टू' बसतो आणि तुलनेच्या पंगतीत 'डिफरंट दॅन'. संस्कृतात 'अन्य'च्या योगाने पंचमी होते आणि तुलनेतही पंचमीच होते. मराठीत 'याहून वेगळा' आणि 'याहून मोठा' ही दोन्ही 'हून'ने साधतात. भेद आणि तुलना यांचे नाते या तिन्ही भाषांत दिसते. मग 'डिफरंट दॅन' लिहिणाऱ्या भारतीयाला अशुद्ध ठरवताना परीक्षकाने थोडे थांबावयास नको काय?

सर्वच जोड्यांना कारण सापडते, असा येथे दावा नाही. 'गुड'पुढे 'अ‍ॅट' का, याचे समाधानकारक उत्तर अर्थवर्गातून मिळत नाही. असा अवशेष प्रत्येक भाषेत राहतो आणि तो पाठच करावा लागतो. हॉर्न्बी यांनी 1954 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगरचनांच्या पुस्तकात आणि क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972च्या व्याकरणात विशेषणाच्या या पूरकांची व्यवस्थित मांडणी केलेली आहे. साधने होती आणि आहेत. उणीव आहे ती अवशेषालाच नियम समजणाऱ्या अध्यापनात.

अनुवादकाच्या दृष्टीने खरी कसोटी सन्निधीची आहे. मराठीत विशेषण आपल्या सर्व परिवारासह नामाच्या आधी येऊ शकते: 'घराला विटलेला, गावाविषयी उदासीन, पण लेकीच्या शब्दाला भिणारा म्हातारा'. इंग्रजीत विशेषणामागून असा पदबंध आला की ते सामान्यतः नामाच्या पाठीमागे जाते. ही रचना जड वाटून अनुवादक 'सिक', 'इंडिफरंट', 'फ्रायटन्ड' अशी सुटी विशेषणे म्हाताऱ्याच्या आधी मांडतो. वाक्य सुटसुटीत होते. परंतु घराला विटलेला मनुष्य आता नुसता आजारी झाला, गावाविषयी उदासीन असलेला सर्वच बाबतींत थंड झाला, आणि लेकीच्या शब्दाला भिणारा केवळ भित्रा ठरला. घर, गाव आणि लेक हे तिन्ही संबंध गळाले. आपल्या कथात्म साहित्यातील माणसे पुष्कळदा अशा संबंधांनीच घडलेली असतात. ते गळाले की उरतो तो एक ठोकळेबाज स्वभाव, आणि परभाषी वाचक त्यालाच मूळ लेखकाचे चित्रण समजतो.

उलट दिशेनेही जागरूकता हवी. भारतीय संविधानाच्या 75व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड मंत्रिपरिषदेला लोकसभेप्रती 'रिस्पॉन्सिबल' ठरवतो. तेथे 'टू' आहे. अपघातास कारण झालेला चालक 'रिस्पॉन्सिबल फॉर' असतो. मराठीत 'लोकसभेला जबाबदार' आणि 'अपघाताला जबाबदार' यांची विभक्ती एकच. एकात उत्तर देण्याचे बंधन आहे, दुसऱ्यात दोषाचे कर्तृत्व. इंग्रजीने एका अव्ययाने जो भेद केला, तो मराठीत आणताना 'उत्तरदायी' किंवा 'कारणीभूत' यांपैकी योग्य शब्द निवडूनच राखता येतो. राज्यव्यवहाराच्या भाषेत ही निवड गौण म्हणता येणार नाही.

म्हणून द्विभाषी कोशांनी विशेषण एकटे न देता त्याच्या पदबंधासह आणि त्या त्या अर्थासह द्यावे. शिक्षकांनी यादीच्या आधी अर्थवर्ग शिकवावेत. आणि अनुवादांची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी शब्दांच्या पर्यायांइतकेच या सांध्यांकडेही लक्ष द्यावे. विशेषण निवडून अनुवादकाचे अर्धेच काम होते. त्या विशेषणाला कोणाची आणि कशाची अपेक्षा आहे, हे ओळखून ती पुरी करणे हे उरलेले अर्धे काम होय.